टी-शर्टच्या पाठीवर काय छापायचं?

शुक्रवारी संध्याकाळी हापिसातून निघता निघता गावाकडून फोन आला. विकांताला एक छोटंसं काम कर म्हणे. (कॉम्प्युटरवाला माणूस म्हटलं की गावाकडून त्याच्याकडे दोनच कामं येतात. एक, कुणाच्या तरी पोराला लाइनीला लावणे. दोन, डिझाइन. फ्लेक्सपासून लग्नपत्रिकेपर्यंत काहीही.)

"टी-शर्टचं डिझाइन पायजे. पालखीच्या मुक्कामाला साठ पोरं उभी करतुय औंदा."

"बरं. पाठीवर काय टाकायचं?"

"सिक्युरिटी. मोठ्या अक्षरात. लांबनं दिसाया पायजे लका. आन् रंग जरा खाकीकडं जाणारा घे."

मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि शनिवारचा अख्खा दिवस काहीही केलं नाही. खरं तर अर्ध्या तासाचं काम. पण 'सिक्युरिटी' हा शब्द मोठ्या अक्षरात टाइप केला की मला एक खोली आठवते, तिचं कुलूप आठवतं आणि त्या कुलपाची चावी आठवते. ती चावी एका रात्री माझ्या खिशात होती.

असो. आधी थोडं गावाबद्दल, कारण पुण्यामुंबईच्या मित्रांना सणसर म्हटलं की 'सासवड का?' असं विचारायची सवय आहे. सासवड नव्हे. सणसर इंदापूर तालुक्यात, बारामतीच्या पुढे. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्यांवरून जाते, तिथेच मेंढ्यांचं रिंगण होतं, मग भवानीनगरचा साखर कारखाना मागे टाकून संध्याकाळी सणसरला मुक्कामी येते. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला असं मानतात. म्हणजे आमच्या आळीतल्या कुठल्याही भांडणापेक्षा जुना.

त्या एका रात्री गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणूस गावात असतो. राहुट्या, ट्रक, पाण्याचे टँकर, चुली, प्रत्येक ओट्यावर झोपलेले वारकरी. घराघरांत पिठलं-भाकरीचा ढीग. पोलीस असतात, भरपूर असतात. पण माणूस इतका, की गावातल्या पोरांनी मदतीला उभं राहणं हे ओघानेच आलं. कुणी गाड्या लावून घेतो, कुणी टँकरपाशी रांग लावतो, कुणी रात्री राहुट्यांमधून फेरी मारतो. पगार नाही, काही नाही. चहा आणि पुण्य.

२०१६ साली त्या फेरीत मीही होतो. पुण्याहून सुट्टी टाकून आलो होतो, गळ्यात शिट्टी, हातात बॅटरी. खोटं कशाला बोला, मजा वाटत होती. रात्री दोनच्या सुमाराला बायकांच्या राहुट्यांच्या कडेने एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा जाताना दिसला. हटकलं तर गडबडला. पिशवीत दोन मोबाइल. "कुणाचे?" "एक माझा, एक आईचा." "आई कुठंय?" त्याला राहुटी दाखवता येईना. अंधारात साऱ्या राहुट्या सारख्याच दिसतात हे आज मला कळतं. तेव्हा आमच्यातल्या एकाने त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्याने धरलं. मी मारलं नाही. मी फक्त सामानाच्या खोलीचं दार उघडलं, तो आत गेल्यावर कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. "सकाळी बघू."

पोलिसांचा तंबू तिथून पाच मिनिटांवर होता.

सकाळी साडेसातला पोलीस पाटील आले. आमच्या वडिलांच्या वयाचे, आवाज कधी न चढवणारे.

"कवा धरला?"

"दोनला."

"चोरी करताना कुणी बघितला?"

कुणीच बोलेना.

"मंग कशापायी कोंडलाय?"

"संशय आला पाटील."

पाटलांनी हात पुढे केला. मी चावी दिली. ते एवढंच म्हणाले, "चोरी झाली का न्हाई ते मागनं बघू. कोंडल्याचा गुन्हा मातुर झालाय, आन् त्याची चावी तुझ्या खिशात हाय."

तो मुलगा मराठवाड्यातल्या एका दिंडीबरोबर आला होता. टपरीवर चार्जिंगला लावलेले दोन्ही मोबाइल घेऊन परत चालला होता. त्याची आई रात्रभर त्याला शोधत होती. ती आली तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. ती आमच्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तिने पोराच्या गालावरून हात फिरवला, सुजलेलं पाहिलं आणि आम्हालाच हात जोडून म्हणाली, "चुकलं असंल माऊली लेकराचं. जाऊ द्या." पालखी निघाली होती. तिला तिची दिंडी गाठायची होती.

तक्रार झाली नाही. आमच्यावर कसलीही केस झाली नाही. तरी ती 'चुकलं असंल' ही दोन अक्षरं... दोन शब्द म्हणू... माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

तर शनिवारी डिझाइन सोडून मी कायदा वाचत बसलो. मी वकील नाही. पण इंदापूरच्या कोर्टात वकिली करणारा एक मावसभाऊ आहे, त्याला रात्री फोन लावून पिडला. (दादा, तुझं जेवण थंड केलं, सॉरी.) जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

आपल्या धंद्यात 'युजर' आणि 'ॲडमिन' असा फरक असतो ना, तसाच कायद्यात साधा नागरिक आणि पोलीस असा फरक आहे. स्वयंसेवक हा युजर. त्याने टी-शर्ट बदलला, शिट्टी घातली, ओळखपत्र लटकवलं, तरी युजरच. त्याला देवस्थानाने नेमलं, मंडळाने नेमलं, की सरपंचांनी माइकवरून नाव पुकारलं, एकही जादा अधिकार मिळत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २१ खाली 'विशेष पोलीस अधिकारी' नेमता येतात. पण त्याला अधिकाऱ्याचा सहीशिक्क्याचा लेखी आदेश लागतो, आणि तोही दंग्यासारखं मोठं काही घडण्याची भीती असेल तेव्हा. चहाच्या टपरीवर "सायबांनी सांगितलंय" असं म्हणून ते होत नाही.

मग साध्या नागरिकाला कुणाला पकडताच येत नाही का? येतं. हे मला माहीत नव्हतं. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० आलं. फरारी म्हणून जाहीर झालेल्या आरोपीची गोष्ट सोडली, तर अट अशी की गुन्हा तुमच्या समक्ष घडायला हवा आणि तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असा दोन्ही हवा. नुसता संशय पुरत नाही. वाजवी संशयावरून अटक करणं हे पोलिसांचं काम, तुमचंआमचं नाही. आणि पकडलं, तर विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. नव्या कायद्याने त्याला वरची मर्यादाही घातली आहे: सहा तास.

हे मी मित्राला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "मंग आपलं बरोबरच हुतं की! दोन ते साडेसात, साडेपाच तास." ह्याला म्हणतात बग शोधणं :) पण बग नाही तो. सहा तास ही कमाल मर्यादा आहे. पोलीस पाच मिनिटांवर असताना सहा तास कोंडून ठेवायचा तो परवाना नाही. आणि मुळात पहिली अटच पुरी झाली नव्हती. आमच्यापैकी कुणीही चोरी होताना पाहिली नव्हती, कारण ती झालीच नव्हती.

बरं, समजा खरंच चोरी होताना पाहिली. तरी मेख आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरी एरवी दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल परत केला असेल, तर शिक्षा समाजसेवेची, आणि तिथे तो गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र धरलाय. आता रात्री दोन वाजता हातात बॅटरी धरलेल्या पोराला कसं कळावं की हा मोबाइल चार हजारांचा की चौदा हजारांचा, आणि हा गडी पहिल्यांदा सापडलाय की दहाव्यांदा? नाही कळणार. म्हणूनच दादा म्हणाला, "हे कलम खिशात असू दे, पण त्याच्या जिवावर फेरी मारू नको."

आता दुसरी बाजू. कुणाला रस्त्यात अडवून ठेवणं हा गुन्हा आहे. कोंडून ठेवणं हा त्याहून मोठा. २०१६ साली तो भारतीय दंडविधानाच्या कलम ३४२ मध्ये होता, आता न्याय संहितेच्या १२७ मध्ये आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कानाखाली मारणं वेगळं, त्याला कलम ११५, पुन्हा एक वर्षापर्यंत. आणि सगळ्यांनी मिळून एकाच इराद्याने केलं असेल तर प्रत्येक जण ते एकट्याने केल्यासारखा जबाबदार. 'मी मारलं नाही, मी फक्त कुलूप लावलं' हे वाक्य मी स्वतःशी कितीतरी वर्षं बोलत होतो. कायद्याच्या दृष्टीने त्यातला 'फक्त' फारसा कामाचा नाही.

पिशव्या तपासणे? त्याचाही अधिकार नाही. विनंती करता येते, खाजगी जागेत 'तपासणीशिवाय प्रवेश नाही' असं म्हणता येतं, पण रस्त्यावरच्या माणसाने नको म्हटलं तर विषय संपला. पोलिसांना सांगायचं.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र खरा आणि बऱ्यापैकी मोठा आहे. न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं. स्वतःचंच नव्हे, दुसऱ्याचं शरीर, दुसऱ्याची मालमत्ता वाचवायलाही बळ वापरता येतं. कुणी म्हातारीच्या गळ्यातलं हिसकत असेल तर तुम्ही मध्ये पडू शकता, पडायलाच हवं. पण गरजेपुरतंच. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. माणूस खाली पडला, हात धरले गेले, धोका संपला, की त्यानंतरची प्रत्येक चापट ही संरक्षण नसून मारहाण असते.

आता त्या टी-शर्टकडे येतो. खाजगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, २००५ असं सांगतो की सुरक्षा पुरवण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. विनापरवाना केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात त्याच्याही आधीचा, १९८१ चा, खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचा आणि कल्याणाचा वेगळा कायदा आहे. आमची पोरं फुकट उभी राहतात, त्यामुळे तो 'धंदा' होत नाही. पण गेल्या काही वर्षांत नवी टूम निघालीय. बाहेरून 'बाउन्सर' आणायचे, किंवा गावातल्याच पोरांना रात्रीचे पाचशे द्यायचे आणि ते पोरं पुरवणाऱ्याला वर कमिशन. तिथे पुरवणारा माणूस थेट या कायद्याच्या दारात जाऊन उभा राहतो. आणि 'खाकीकडं जाणारा रंग' तर नकोच. परवाना असलेल्या संस्थेच्या रक्षकालासुद्धा पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा गणवेश घालायला कलम २१ ने बंदी आहे. परवाना नसलेल्याने तसा वेश घालून लोकांना आपण सरकारी माणूस आहोत असं भासवलं, तर न्याय संहितेचं २०५ आहेच.

गंमत म्हणजे हाच प्रश्न सातासमुद्रापार अमेरिकेत चर्चवाल्यांना पडला. टेक्सासमध्ये चर्चमधली मंडळी रविवारच्या प्रार्थनेला आपापली टीम करून दारात उभी राहायची. तिथला सुरक्षा परवान्याचा कायदा त्यांना लागू होतो की नाही हा घोळ. शेवटी २०१७ साली तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलला आणि प्रार्थनास्थळातल्या स्वयंसेवकांना परवान्यातून सूट दिली. पण अटी घातल्या. मोबदला घ्यायचा नाही. बिल्ला लावलेला गणवेश घालायचा नाही. आणि अंगावरच्या कपड्यावर 'सिक्युरिटी' हा शब्द चालणार नाही! ही सूट १ सप्टेंबर २०१७ ला लागू झाली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला तिथल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये गोळीबारात २६ बळी गेले. २०१९ च्या डिसेंबरात व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये एका स्वयंसेवकाने काही सेकंदांत हल्लेखोराला टिपलं, तरी तोवर दोघे गेले होते. म्हणजे धोका काल्पनिक नव्हता. बंदुका घरोघरी असलेल्या मुलखातसुद्धा कायदा स्वयंसेवकाला म्हणतो: उभा राहा, जरूर राहा, पण सिक्युरिटी म्हणून मिरवू नकोस.

आपल्याकडे धोका वेगळा आहे. आपल्याकडे बंदूक नसते, जमाव असतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागायला गेले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही जण गेले. मंगळवेढा म्हणजे पंढरपूरच्या शेजारचा तालुका. आमची पालखी जिथे जाते तिथूनच जवळ. त्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हिंसेविरुद्ध सगळ्या राज्यांना सविस्तर निर्देश दिले. तरी १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच मारले गेले. लॉकडाउन, चोरांच्या अफवा आणि रात्री पहारा देणारे गावकरी.

मी हे वाचतो तेव्हा मला त्यातले शब्दच दिसतात. रात्र. पहारा. अनोळखी. संशय. खोली. आमच्या त्या रात्रीत आणि त्या बातमीत फरक किती होता? एक अफवा, आणखी वीस माणसं. बस. आमच्या नशिबाने गावात त्या वेळी अफवा नव्हती, एवढंच. आणि अजून एक गोष्ट बोलायलाच हवी. आम्ही त्या मुलाला का हटकलं? रात्रभरात राहुट्यांमधून शेकडो माणसं गेली. त्याचे कपडे मळके होते, बोली आमच्यासारखी नव्हती. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. आमच्या भागात पारध्यांच्या पालांकडे बघणाऱ्या नजरेतून मात्र अजून गेलेला नाही. रात्रीच्या फेरीत 'संशय' कुणाचा येतो हे आधीच ठरलेलं असतं.

एवढं सगळं ऐकून मित्र म्हणाला, "मंग काय, पोरं उभीच करायची न्हाईत का?"

करायची! ह्याच मुद्द्यावर मी आलो होतो. कारण मुक्कामाच्या रात्री खरा धोका चोराचा नसतोच. तो असतो अंधारात मागे येणाऱ्या टँकरचा, ट्रकखाली सावलीला झोपलेल्या माणसाचा, दर्शनाच्या रांगेत चेंगरणाऱ्या म्हातारीचा. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसं गेली. २ जुलै २०२४ ला उत्तर प्रदेशात हाथरसला एका सत्संगात १२१ गेली. तिथे परवानगी ८०,००० माणसांची होती, आली अडीच लाखांवर असं फिर्यादीत आहे. बंदोबस्ताला सत्संगाचेच सेवेकरी होते, आणि काही दिवसांत अटक झाली तीही त्या सेवेकऱ्यांनाच. न्याय संहिता लागू होऊन तेव्हा एकच दिवस झाला होता. सेवा म्हणून उभ्या राहिलेल्या माणसांवर सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. म्हणजे स्वयंसेवक हा 'आम्ही काय, फुकट राबतोय' असं म्हणून सुटत नाही. गर्दी हातात घेतली की गर्दीची जबाबदारीही अंगावर येते.

रविवारी सकाळी मग मी डिझाइनच्या आधी एक पान लिहिलं. फार नाही, खिशात मावेल एवढं. साठही पोरांची यादी, फोन नंबरांसकट, आधीच पोलीस ठाण्यात द्यायची आणि तिथून जे सांगतील त्याच जागी उभं राहायचं. एकट्याने फिरायचं नाही, जोडीने. बायकांच्या राहुट्यांकडे गावातल्या बायकाच, पोरांनी तिकडे जायचं नाही. हातात काठी नाही. (जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश असेल तर रस्त्यात लाठी नुसती बाळगणं हाच गुन्हा. आणि नसला तरी काठी हातात असली की ती वापरावीशी वाटते.) कुणी संशयास्पद वाटलं तर पाठलाग नाही, झडती नाही, प्रश्नांची फैर नाही. "माऊली, कुठली दिंडी? वाट चुकलात का?" एवढंच विचारायचं. उत्तर पटलं नाही तर ११२ किंवा जवळचा पोलीस. समोर गुन्हा होताना दिसलाच आणि धरावं लागलं, तर उघड्यावर, उजेडात, चार माणसांसमक्ष बसवायचं, पाणी द्यायचं, वेळ लिहायची, लगेच पोलिसांकडे. कुठल्याही दाराला कुलूप नाही. कुणाचाही फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. अपघात झाला तर मात्र बेधडक धावायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलंय, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं.

मित्राने वाचलं आणि शांत झाला. मग म्हणाला, "सगळं पटतंय. पर सिक्युरिटी लिवलं न्हाई तर निम्मी पोरं येत न्हाईत बघ. त्यास्नी त्येच पायजे असतं."

हे खरं आहे. मलाही तेच हवं होतं २०१६ मध्ये. पुण्यात चार बाय चारच्या क्युबिकलमध्ये कुणी हिंग लावून विचारत नाही, आणि गावात एका रात्रीपुरतं आपल्या 'ए, थांब' ला माणूस थांबतो. त्या थांबण्याची नशा असते. कायद्याची सगळी कलमं ह्या नशेपुढे कागद असतात.

मग मी त्याला चोपदाराची गोष्ट सांगितली. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावर समाजआरती होते. दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असली, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार स्वतः चालत तिच्यापर्यंत जातो, ऐकून घेतो, समजूत काढतो, आणि टाळ थांबल्यावरच पुढे. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकाराही तिथेच होतो. चोपदाराच्या दंडाला कुठल्याही कायद्याचं कलम नाही. त्या दंडाने कुणाला मारल्याचं मी ऐकलेलं नाही. तरी तो वर झाला की लाखभर माणूस गप्प होतो, कारण सगळ्यांना माहीत असतं की हा माणूस आधी चालत येऊन ऐकून घेतो.

"ते चोपदार हायती. आपली पोरं हायती," मित्र म्हणाला. बरोबरच आहे त्याचं.

शेवटी तडजोड झाली. खाकी गेला, पांढरा आला. शिट्टी राहिली. काठ्या गेल्या, त्याबद्दल दोन-चार जण रुसलेत असं कळलं. पाठीवर मोठ्या अक्षरात, लांबनं दिसेल असं, 'स्वयंसेवक'. त्याखाली जरा लहान अक्षरात 'वाट चुकलात? मला विचारा'. मित्राला ते दुसरं वाक्य बावळट वाटतंय. वाटू दे. २०१६ साली त्या मुलाला रात्री दोन वाजता असं कुणाच्या तरी पाठीवर वाचायला मिळालं असतं, तर त्याने विचारलं असतं. तो वाटच तर चुकला होता.

यंदा पुन्हा सुट्टी टाकतोय. टँकरपाशी माझी ड्यूटी लागलीय. आणि सामानाच्या खोलीचं कुलूप मुक्कामाच्या आदल्या दिवशी पोलीस पाटलांकडे द्यायचं, हेही त्या पानावर शेवटच्या ओळीत लिहिलंय. ती ओळ कशासाठी, हे साठातल्या तिघा-चौघांनाच कळेल.